परदेशात तिथली भाषा बोलायची, तर तयारी उत्तराची करा

बडोद्याच्या मराठी माणसाला भाषा बदलणं नवीन नाही. घरात मराठी, जिना उतरला की भाजीवालीशी गुजराती, स्टेशनवर रिक्षावाल्याशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी. दांडिया बाजारातल्या दुकानात तर एकाच वाक्यात तीन-तीन. गावालाच ती सवय जुनी आहे. १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच सयाजीरावांना पुढे मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा बरोबरीनं शिकवल्या गेल्या. पण हाच बडोदेकर बालीला किंवा पॅरिसला गेला की मुका होतो. आधी इंग्रजीत बोलतो, नाही कळलं तर तेच इंग्रजी मोठ्यानं बोलतो.

स्वयंपाकाला महाराज बरोबर घेऊन जाणाऱ्या ग्रुप टूरमध्ये हा प्रश्नच येत नाही. खिचडी-कढी हॉटेलवर, गाइड हिंदीत, बस दारात. त्यात वाईट काहीच नाही. पण तुम्ही तसे जाणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही. हे आहे स्वतः तिकीट काढून, स्वतः भाव विचारून फिरणाऱ्यांसाठी.

अशी माणसंही जाण्याआधी थोडी भाषा पाठ करतात, पण पाठ करतात ते प्रश्न. ‘किती झाले?’, ‘स्टेशन कुठे आहे?’ वगैरे. प्रश्न छान जमतो, समोरची बाई खूश होऊन भराभर उत्तर देते, आणि आपण खिशातून फोन काढतो. तुमचा प्रश्न जितका सफाईदार, तितकं उत्तर वेगात येणार. म्हणून माझं सांगणं असं, की शंभरातले साठ-सत्तर टक्के कष्ट उत्तर समजण्यावर घाला.

आधी एकच भाषा ठरवा

दुबईत हिंदीवर निभतं, सिंगापूरला इंग्रजीवर. तिथे जाताना हा खटाटोप नको. दहा दिवसांत युरोपातले पाच देश असतील तर पाच भाषांच्या मागे लागू नका. जिथे मुक्काम जास्त आणि जिथे जेवण-खरेदी स्वतः करायची, ती एक भाषा नीट धरा. बाकीच्यांचं नमस्कार आणि आभार एवढं पुरे.

पहिल्यांदाच करत असाल तर बाली निवडा, असं मी म्हणेन. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहितात, तिच्यात सूर नाहीत, म्हणजे आवाज चढवला-उतरवला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, आणि क्रियापद काळ-पुरुषाप्रमाणे बदलत नाही. ‘नामा साया’ म्हणून पुढे नाव सांगितलं की ओळख झाली. थाई आणि व्हिएतनामी मात्र सुरांच्या भाषा आहेत: थाईत पाच सूर, उत्तर व्हिएतनामच्या बोलीत सहा. तिथे ध्येय लहान ठेवा. चार-पाच वाक्यं कानानं घोटा आणि बाकीचं लिहून दाखवा.

जपानी भाषा लोकांना वाटते तितकी आपल्याला परकी नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी, नामाला मागून प्रत्यय, आणि प्रश्नाच्या शेवटी चक्क ‘का’. ‘एकी वा दोको देस का?’ म्हणजे स्टेशन कुठे आहे. ‘एकी’ काढून ‘तोइरे’ घातलं की स्वच्छतागृह विचारून झालं. मराठीच्या साच्यात शब्द बदलत जायचं.

वेळ किती द्यावा? महिना-दीड महिना, रोज पंधरा-वीस मिनिटं. रविवारी बसून तीन तास करणाऱ्यांचं सोमवारपर्यंत सगळं उडून जातं.

वही घाला, देवनागरीत

पानं विषयाप्रमाणे नकोत, जागेप्रमाणे करा. खाण्याची जागा, दुकान, गाडी, हॉटेल. ‘रंग’, ‘प्राणी’, ‘नातेवाईक’ असले धडे शाळेसाठी ठीक आहेत.

प्रत्येक पानाचे दोन भाग पाडा. डावीकडे आपण काय म्हणणार ते, उजवीकडे समोरचा काय म्हणू शकतो ते. उजवी बाजू डावीपेक्षा लांब व्हायला हवी. नाही झाली तर तुम्ही अजून दुकानदाराच्या जागी उभे राहून विचार केलेला नाही.

हे वाटतं तितकं अफाट नाही, कारण गल्ल्यावर बसलेला माणूस जगात कुठेही ठरावीक चार-पाच गोष्टीच विचारतो. आपल्याकडे माल बांधता बांधता ‘बीजुं?’, म्हणजे आणखी काही, येतं. फ्रान्समध्ये ब्रेडवाली त्याच वेळी ‘आवेक ससी?’ म्हणते; उत्तर ‘से तू, मेर्सी’, बस एवढंच. जपानमधल्या चोवीस तासांच्या दुकानात ‘फुकुरो’ ऐकू आलं तर पिशवीचं विचारताहेत, आणि पिशवीला पैसे पडतात. ‘आतातामेमास का?’ म्हणजे गरम करून देऊ का. नको असेल तर ‘दाइजोबु देस’, दोन्ही प्रश्नांना चालतं. जर्मन वेटर बिल आणताना ‘त्सुझामन ओडर गट्रेंट?’ विचारणारच: एकत्र की वेगवेगळं. पैसे मीच देणार म्हणून दोन बडोदेकर हातघाईवर आले असतील तर आधी तिकडे आवरा, मग वेटरकडे वळा.

देवनागरीचा आग्रह का? रोमन स्पेलिंग वाचलं की तोंड आपोआप इंग्रजी वळणानं फिरतं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिशमधला टी म्हणजे आपला दंत्य त. इटालियनमध्ये ‘कितीला?’ विचारताना ‘क्वान्टो’ नाही, ‘क्वान्तो कॉस्ता?’ एवढा एक बदल केला तरी उच्चार निम्मा सुधारतो. इंडोनेशियनमध्ये ई हे अक्षर दोन तऱ्हांनी उच्चारतात. एक ए, आणि दुसरा आखूड अ. तो दुसरा आपल्या अक्षरात फुकट मिळतो: बरापा, तलुर, तरासी.

मराठीकडे आणखी एक शिल्लक आहे, ती हिंदीवाल्यांकडे नाही. चमच्यातला च. जर्मन ‘त्सेन’, इटालियन ‘ग्रात्सिए’, जपानी ‘त्सु’ यांतला सुरुवातीचा किंवा मधला आवाज तोच आहे. वहीत ‘त्स’ लिहा, पण तोंडानं चमचा म्हणा. थाईत क-ख, त-थ, प-फ हे फरक अर्थ बदलतात आणि ते आपल्याला जन्मजात येतात. फक्त फ जुना हवा, आजीच्या तोंडचा ‘फूल’मधला. खालच्या ओठाला दात लावून केलेला फ थाईत वेगळा आहे, आणि फुकेतमध्ये तो नाही.

देवनागरी कुठे तोकडी पडते तेही ठाऊक असू द्या. ‘रस्ता’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दातला (rue) स्वर, जर्मनमधला दोन टिंबांचा यू, आणि सगळे सूर. तिथे शब्दावर स्वतःची काहीतरी खूण करा आणि दर वेळी रेकॉर्डिंग ऐका.

आकडे: सगळ्यात जास्त वेळ इथे

एक ते दहा म्हणता येणं म्हणजे आकडे येणं नव्हे. भाव ऐकून दोन सेकंदांत कळला, तर आकडे आले.

जर्मनमध्ये आपल्याला मोठी सोय आहे. इंग्रजीत वाढलेली माणसं जिथे अडखळतात तिथे आपण घरच्यासारखे, कारण त्यांच्याकडेही एकक आधी येतो. सत्तेचाळीसमध्ये सात आधी, चाळीस नंतर, ‘झीबेन-उन्ट-फिअरत्सिश’मध्येही तसंच. मनात इंग्रजी आणू नका, थेट मराठीत ऐका. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे चार विसा आणि नव्वद म्हणजे चार विसा दहा. विसांनी मोजणारी जुनी माणसं घरात असतील तर त्यांना हे ऐकवा, हसतील. गंमत सोडा, पण पॅरिसमध्ये ‘कात्र-व्हँ’ ऐकल्यावर लगेच चार युरो काढू नका. पुढचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

जपानीत दहा हजारांचा स्वतंत्र टप्पा आहे, ‘मान’. पंधरा हजार येन म्हणजे ‘इची-मान गो-सेन’, एक मान पाच हजार. शिवाय शेकडे बदलतात: तीनशे ‘सान-ब्याकु’, सहाशे ‘रोप्-प्याकु’, आठशे ‘हाप्-प्याकु’. हे तीन वेगळे घोटावे लागतात.

बालीत शून्यांचा पसारा असतो. ‘रिबु’ म्हणजे हजार, ‘पुलुह’ म्हणजे दहाचा पाढा, ‘बलास’ लागलं की अकरा ते एकोणीस. ‘लिमा बलास रिबु’ पंधरा हजार, ‘लिमा पुलुह रिबु’ पन्नास हजार. या दोहोंतला फरक कानाला लवकर कळत नाही आणि खिशाला लगेच कळतो. मेनूवर कधी नुसतं ३५ असतं, कधी ३५.०००, तिकडे हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. युरोपातही बऱ्याच देशांत असंच.

वेळेचा एक सापळा सांगतो. जर्मन ‘हाल्ब द्राय’ आणि इंडोनेशियन ‘सतंगाह तिगा’, दोन्हींत शब्द अर्धा आणि तीन असे आहेत, पण अर्थ साडेतीन नाही, अडीच. टॅक्सीवाल्याशी वेळ ठरवताना हे चुकलं तर तो तासभर आधी येऊन निघून गेलेला असेल. वेळ नेहमी फोनवर आकड्यांत दाखवून पक्की करा.

सराव असा. घरातल्या कुणालातरी वीस आकडे लिहून द्यायला सांगा, ते तुम्ही बघायचे नाहीत. भाषांतराच्या ॲपमध्ये तो टाकत जाईल आणि ॲप बोलून दाखवेल. तुम्ही ऐकून कागदावर उतरवायचं. एकदाच ऐकायचं. बाजारात कोणी तीनदा सांगत नाही. आठवडाभर जमलं की पंखा लावून, टीव्ही चालू ठेवून करा.

आणि तिथे गेल्यावर भाव ऐकला की तोच आकडा दुकानदाराच्याच भाषेत परत म्हणा, मग पैसे काढा. चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो.

ताट: ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नका

बडोद्याहून जाणाऱ्यांत शाकाहारी बरेच, आणि घोळही इथेच जास्त होतात. हा शब्द बहुतेक ठिकाणी लोक ओळखतात, पण त्यात काय बसतं हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं. मासा चालतो, कोंबडीचं पाणी चालतं, सुकटीची चटणी तर मसाल्यातच मोडते. म्हणून पदार्थांची नावं घेऊन नाही म्हणायचं.

बालीत ‘दागिंग’ म्हणजे मांस, पण तेवढं सांगून कोंबडी वगळली जाईलच असं नाही. ‘आयाम’ कोंबडी, ‘इकान’ मासा, ‘उदांग’ कोळंबी, ‘तलुर’ अंडं, आणि सगळ्यांत चोरटी ‘तरासी’, कोळंबीची आंबवलेली पेस्ट. ती सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, सर्रास असते. शब्दाच्या आधी ‘तान्पा’ लावलं की ‘शिवाय’. गादो-गादो दिसायला भाज्या आणि दाण्याची चटणी, पण वर उकडलेलं अंडं आणि बाजूला कोळंबीचे पापड येतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ‘बावांग’ शब्द लक्षात ठेवावा.

रस्त्याकडेच्या खाणावळीत, म्हणजे वारुंगमध्ये, बोलणं साधारण असं चालतं:

‘पर्मिसी, बू. बिसा पसान नासी गोरेंग तान्पा तलुर, तान्पा आयाम, तान्पा तरासी?’
‘बिसा. पदास?’
‘सदिकित.’
‘माकान दि सिनी आताउ बुंगकुस?’
‘दि सिनी.’
‘मिनुम आपा?’
‘आयर पुतिह.’

आणि खाऊन झाल्यावर:

‘बरापा समुआन्या?’
‘तिगा पुलुह लिमा रिबु.’

आपण काय म्हणालो? बाई, फोडणीचा भात अंडं, कोंबडी, तरासी न घालता मिळेल का. पुढचे प्रश्न तिचे, कंसातली उत्तरं आपली: तिखट? (थोडं.) इथे खाणार की बांधून देऊ? (इथेच.) प्यायला काय? (साधं पाणी.) शेवटी पस्तीस हजार. ‘बिसा’ म्हणजे जमेल. त्याऐवजी ‘तिदाक बिसा’ आलं तर जमणार नाही, ‘हाबिस’ आलं तर संपलं. वहीच्या उजव्या बाजूला हे तीन शब्द लाल शाईनं लिहा. ते ओळखू आले नाहीत तर आधीचं गोड बोलणं वाया. भाव करताना ‘बोलेह कुरांग?’ विचारा, म्हणजे आपलं ‘ओछुं करो ने’. ‘हार्गा पास’ असं उत्तर आलं तर भाव ठरलेला आहे, सोडून द्या.

जपानमध्ये ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, मांसही नाही, मासाही नाही. तरी रश्शात दाशी, म्हणजे त्याचं मूळ उकळलेलं पाणी, असतेच, आणि ती बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाची. साध्या उदॉनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्शातही. म्हणून ‘दाशी’ हा शब्द घेऊन वेगळं विचारायचं. थायलंडमध्ये ‘जे’ची पिवळी पाटी, तिच्यावर लाल अक्षर, ओळखून ठेवा, तिथे मांस-मासा नाहीच, कांदा-लसूणही नाही. एरवी ‘माय साय नाम प्ला’, माशाचा सॉस घालू नका. व्हिएतनाममध्ये पाटीवर ‘चाय’ लिहिलेलं दिसलं तर ते शाकाहारी जेवण, चहाचा काही संबंध नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे पुष्कळ लोक असं जेवतात, त्यामुळे तुमचं म्हणणं त्यांना विचित्र वाटत नाही.

हाक कशी मारायची

इथे बडोदेकराला काही शिकवायला नको. गुजरातीत राहून आपण प्रत्येक नावाला भाई-बेन लावतोच. बालीत तेच ‘पाक’ आणि ‘बू’: बाप्यांना पाक, बायकांना बू. व्हिएतनाममध्ये नात्यावाचून बोलताच येत नाही. मोठा पुरुष ‘आन्ह’, मोठी बाई ‘ची’, धाकटं कुणीही ‘एम’. थाईत वाक्याच्या शेवटी पुरुष ‘ख्रप’ म्हणतो, बाई ‘खा’. बोलणारा कोण त्यावर हे ठरतं, ऐकणारा कोण त्यावर नाही. नवरा-बायकोनं एकाच व्हिडिओवरून पाठ केलं तर एकाचं चुकणार.

‘तुम्ही’ला फ्रेंचमध्ये ‘वू’, जर्मनमध्ये ‘झी’. अरे-तुरे शिकूच नका, पर्यटकाला त्याची गरज नाही.

सराव कुणाबरोबर

युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीत फ्रेंच, जर्मन, रशियन शिकवतात; कुणी ओळखीचं शिकत असेल तर दोन संध्याकाळी गाठा. नाहीतर घरचं माणूस पुरतं, एका अटीवर: त्यानं दुकानदार व्हायचं आणि मुद्दाम अडवायचं. संपलं म्हणायचं, भाव वाढवायचा, मधेच भलतं विचारायचं. कमाटीबागेत चालता चालता हे छान होतं. गुळगुळीत संवाद घोकून काही उपयोग नाही, तो तसा कधीच होत नाही.

तिथे उतरल्यावर

पहिला प्रयत्न विमानतळावर करू नका. तिथे सगळे घाईत आणि इंग्रजीत असतात. पाणी, केळी असलं काहीतरी छोट्या दुकानात, गर्दी नसताना घ्या.

फ्रान्समध्ये दुकानात शिरताना ‘बाँजूर’ आधी, प्रश्न नंतर, बसमध्ये चढतानाही. ते न म्हणता थेट ‘हे कितीला’ विचारलं तर तोंड वाकडं होतं, आणि मग आपण घरी येऊन फ्रेंच लोक तुसडे म्हणून सांगतो. संध्याकाळी ‘बाँस्वार’.

वाक्य आखूड ठेवा. लांब वाक्याला लांब उत्तर मिळतं. बोट दाखवून ‘कोरे ओ कुदासाई’, हे द्या, यात टोकियोतली अर्धी खरेदी उरकते. समोरच्यानं इंग्रजीत उत्तर दिलं तर रागावू नका. त्याच्यामागे रांग असते. रांग नसेल तर पुढचं वाक्य पुन्हा त्याच्या भाषेत टाकून बघा. दुसऱ्यांदाही इंग्रजीच आली तर इंग्रजीत बोला आणि आभार त्याच्या भाषेत माना.

फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये त्या भाषेचा कोश आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही कॅमेऱ्यातून पाट्या वाचता येतात. बोलण्यासाठी मात्र फोन दुसरा पर्याय.

जिथे बोलायचं नाही

दवाखाना, पोलीस, इमिग्रेशन, भाड्याच्या गाडीचे कागद. इथे हौस नको. दुखतंय कुठे हे अर्ध्या शब्दांत सांगण्यात धोका आहे, आणि न समजलेल्या कागदाला मान हलवण्यात त्याहून जास्त. दुभाषा मागा, नाहीतर ॲपवर लिहून दाखवा. शेंगदाणे किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर ते वाक्य त्या लिपीत छापून पाकिटात ठेवा. युरोपीय संघात कुठेही मदतीचा नंबर ११२. जपानमध्ये अँब्युलन्सला ११९, पोलिसांना ११०. त्याच पाकिटात हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत असलेलं कार्ड टाका. आई-बाबा बरोबर असतील तर त्यांच्याही खिशात एकेक.